विचारून जायची वाट

एसटीत बसली की नर्मदेला मळमळतं. रिक्षात बसली की डोकं धरतं. जावयाच्या गाडीतून एकदा कुडाळला निघाली, ती अर्ध्या वाटेत उतरलीच. सासूबाई पुढे चालतायत आणि जावई मागून मुंगीच्या गतीनं गाडी हाकतोय, हा तमाशा वाटेतल्या चार गावांनी पाहिला. तेव्हापासून तिला गाडीत बस म्हणायची कोणाची टाप नाही. बाई एकसष्ट वर्षांची, अंगानं काटकुळी, पायांत रबरी स्लिपर, आणि चढ आला की त्याही हातात. तोंडवलीच्या किनाऱ्यावरून डोक्यावर मासळीची पाटी घ्यायची, सडा चढायचा, पलीकडच्या वाड्यांत मासळी विकायची आणि दुपारी परतायचं, हे चाळीस वर्षं चाललंय. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, कार्तिकात पिवळं, आणि चैत्र-वैशाखात तळपाय भाजून काढणारं.

डांबरी रस्ता आहे की! पण तो सड्याला वळसा घालून जातो. नर्मदेची वाट सरळ, आणि सरळ म्हणजे लोकांच्या घरांमधून. दगडी गडग्यातलं बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, सरकवायचं, खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, जायचं आणि मागच्या परड्यातून बाहेर पडायचं. वाटेवर अशी चार घरं. या चारही घरांशी तिचा एक रिवाज होता. बेड्याशी थांबून हाक मारायची, "येव काय गो?" आतून "ये" आलं की मगच पाऊल आत. उत्तर आलं नाही तर थांबायचं. बाई विहिरीवर असेल, न्हात असेल, कोणाशी भांडतही असेल. सावित्रीच्या सुनेला कळा सुरू झाल्या त्या सकाळी नर्मदा पाऊण तास पाटी उतरवून बाहेर बसली. बांगडे मऊ पडले, गिऱ्हाइकं गेली, पण बेड्याला तिनं हात लावला नाही.

"अगो, रोजची तू, रोज काय इचारतंस? वाट तुझीच आसा!" असं त्या बायकाच म्हणायच्या. ही हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायची. दुसऱ्याच्या खळ्यात पाय टाकायचा तर विचारून, हे तिला सासूनं शिकवलं होतं, आणि सासूची शिकवण म्हणजे दोन शब्द आणि एक फटका. नर्मदेकडे शेत नाही, माड नाहीत, नवरा विठोबा गेला तेव्हा त्याची रापणीतली पाती, म्हणजे सामाईक जाळ्यातला वाटाही गेला. तिच्याकडे होतं ते एवढंच, की चार घरांतून तिला "ये" म्हणायचे. त्यावर तिचं पोट चाललं, आणि त्याचा तिला माजही होता. खोटं कशाला बोला?

आता दीपेशबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना तोंड कडू होतं. दीपेश नर्मदेच्या भावाचा मुलगा. सहा वर्षांचा असताना आई गेली, बाप बोटीवर स्वयंपाकी, वर्षातून एकदा उगवणार. पोर वाढलं ते नर्मदेकडे. सुरमईचा मधला तुकडा दीपेशच्या ताटात पडायचा आणि शेपटीकडचा नर्मदेच्या स्वतःच्या मुलीच्या, संजनाच्या. संजना आता नांदगावला नांदते, दोन मुलांची आई झाली, पण तो तुकडा अजून विसरलेली नाही. हा दीपेश आज बत्तीस वर्षांचा. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना पाच दिवस पायी हिंडवतो. खाडी, वाळूची पुळण, सडा, वाड्या, सगळं चालत. नर्मदेला त्याचं भारी हसू यायचं. "चालूक पैशे देतत? मगे माझे चाळीस वर्सांचे कोण देतलो रे?"

तुळशीची लग्नं लागली आणि दीपेश लाडात आला. "आत्ये, ह्या टायमाक एक दिवस तुझ्या वाटेन जावया. तू म्होरे. तुझी फिल्म करूया." नर्मदेनं आधी नाक मुरडलं, मग दोन दिवस कोणालाच काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी जांभळं लुगडं इस्त्रीला टाकलं. आख्ख्या वाडीत बातमी झाली. दीपेश म्हणाला, रिकामी पाटी डोक्यावर घे, फोटोत बरी दिसेल. रिकामी पाटी घेऊन घराबाहेर पडायला ती काय खुळी? तिनं सुके बांगडे भरले.

रविवारी सकाळी साडेसहाला निघाले. पुण्याची पाच माणसं, हातांत काठ्या, पाठीवर पाण्याच्या नळ्या लावलेल्या पिशव्या. त्यांतली अनुजा शाळेत शिकवणारी, बोलघेवडी, पायांत नवे बूट आणि तासाभरातच टाचेला फोड. दीपेश होता, आणि दीपेशचा कुडाळचा दोस्त अजय होता, काठीवर मोबाइल लावून फिल्म काढायला. हवा गार होती. कापलेल्या भाताचे खुंट दवानं ओले होते, आणि सड्यावरचं गवत गुडघ्याएवढं, पिवळं पडलेलं, चालताना साडीला कुसळं लावणारं. नर्मदा पुढे, बाकीचे मागे धापा टाकत. "ह्येंका चालूक शिकवूक माकाच पैशे घेवक व्हये," ती अनुजेला म्हणाली आणि अनुजा हसता हसता काठीवर रेलली.

पहिलं घर सावित्रीचं, सड्याच्या अलीकडे, नर्मदेच्या घराच्या वरच. नर्मदेनं हाक मारली, आतून "ये" आलं. खळं नुकतंच चोपून सारवलेलं, काठाला रांगोळी. सावित्रीनं पुणेकरांना कोकमाचं सरबत दिलं. दीपेशनं तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

"सावित्रीकाकी, आत्ये किती वर्सां हयसून जाता?"

"चाळीस तरी झाली रे."

"कधी अडवलास तिका?"

"अडवू कित्याक? वाट तिचीच आसा! तिका इचारूची गरजच नाय."

नर्मदेचा चेहरा असा फुलला की विचारू नका. पुढे सड्याच्या मध्यावर पूजा, नवी सून, तिनंही तेच सांगितलं आणि वर म्हणाली, आमच्या आधी ही वाट काकींची. तिसरा महादू, पंचाऐंशीचा, दात गेलेले पण आवाज शाबूत. "हिका अडवणारो अजून जल्माक येवचो आसा!" असं म्हणून त्यानं काठी आपटली. एरवी आमचा माणूस वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवील. पण दारात पाहुणे आले, समोर कॅमेरा लागला, की मोठेपणाचं असं भरतं येतं, की घर तुमचं, वाट तुमची, आम्हीही तुमचेच! महादूनं ते प्रेमानं म्हटलं, सावित्रीनंही. आणि नर्मदा ते ऐकत उभी राहिली, पदर सावरत. तिला वाटलं, चाळीस वर्षं चाललेलं आज फळलं.

अजय मात्र विचित्र प्राणी होता. समुद्राकडे त्याचं लक्ष नाही, गवताकडे नाही. दर बेड्याशी तो बुटांना बूट लावून पावलं मोजायचा आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपायचा. नर्मदेला वाटलं, असेल चालणाऱ्यांची काही तऱ्हा.

दुपारी सड्यावरच्या एकुलत्या एका काजऱ्याच्या झाडाखाली सगळे भाकरी खायला बसले. समोर सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण घातलेली मोठी जागा होती. "हे कोणाचं?" अनुजेनं विचारलं. "मुंबयचो कोणतरी," नर्मदा म्हणाली. "घेवन दोन वर्सां झाली. रस्तो नाय, गाडी वर चडणा नाय, तसाच पडला हा." दीपेश भाकरीकडे बघत होता. अजयनं पाणी पिण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली.

तीन वाजता ते सड्याच्या पलीकडच्या उतारावर पोचले. खाली यमुनाबाईचं घर, शेवटचं. तिच्या खळ्यापलीकडे डांबरी रस्ता आणि तिथं पुणेकरांना न्यायला गाडी. यमुना आणि नर्मदा एकाच वर्षी लग्न होऊन आल्या. यमुना शेतकऱ्याघरची, नर्मदा मासेवाली, पण नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी दोघींच्या सारख्या, आणि तेवढं मैत्री जमायला पुरतं. बेड्याच्या थोडं अलीकडे, फणसाखाली, अजयनं पिशवीतून कागद काढले. "मावशी, फिल्मच्या परवानगीची सही करायची आहे. इथे."

नर्मदा चौथी शिकलेली. पण बाईला खोड अशी, की हातात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. मासळी बांधायचा रद्दीचा कागदसुद्धा आधी वाचते, आणि गिऱ्हाइकं बोंब मारतात. तिनं बोट ओळीवर ठेवलं.

"आत्ये, वाचतंस काय? कर सही, गाडी थांबलीहा," दीपेश म्हणाला.

"तिका थांबूक सांग."

ती अक्षर अक्षर लावत वाचू लागली. 'मी, नर्मदा विठोबा तांडेल, वय एकसष्ट, शपथेवर लिहून देते की, सदर पायवाट पूर्वापार वहिवाटीची असून मी तिचा गेली चाळीस वर्षे कोणाचीही परवानगी न घेता, विनाअडथळा वापर करीत आहे. सबब सड्यावरील जमिनीस जाण्यासाठी सदर वाटेने किनाऱ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत बारा फूट रुंदीचा रस्ता खुला करण्यास...' ती थांबली. मागे गेली. 'कोणाचीही परवानगी न घेता' हे तिनं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

"दीपेश, ह्या काय रे?"

दीपेश कचेरीतल्यासारखं बोलायला लागला. "आत्ये, तो फक्त नमुना असतो. सगळे असंच लिहितात."

"माज्याशी शुद्ध बोला नको. ह्या काय ता सांग."

मग त्यानं सांगितलं, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्याला लाजही वाटेना. तारेच्या कुंपणाचा मालक सड्यावर रिसॉर्ट बांधणार. त्याला रस्ता हवा. मागितला तर कोणी रस्ता देत नाही. जुनी वहिवाट दाखवली की तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. रिसॉर्ट झालं की दीपेश तिथला मॅनेजर. मालकाला शब्द दिलेला आहे.

"बारा फूट," नर्मदा म्हणाली. "यमुनाचा खळा धा फुटांचा नाय. तिची पाण्याची बाव, तिची तुळस?"

"मोबदलो गावतलो तेंका."

"मगे तेंका सांगून इचारूचा होता."

"इचारून कोण हो म्हणतलो?" दीपेश वैतागून म्हणाला. "म्हणून तर तुका म्होरे घातलंय. तुझ्याशिवाय तेंनी कॅमेऱ्यासमोर तोंड उघडल्यानी असता काय?"

बघा, आता याला काय म्हणावं! केसानं गळा कापणारे पुष्कळ असतात, पण कापल्यावर गळ्यालाच हिशेब समजावून सांगणारा हा पहिलाच. नर्मदेच्या तळपायाची आग मस्तकात गेली पाहिजे होती, पण तसं झालं नाही. सकाळचं सगळं तिला उलटं दिसायला लागलं, सावित्रीचं हसणं, महादूची आपटलेली काठी, तिचं स्वतःचं इस्त्रीचं लुगडं. त्या तिघांकडून यानं कॅमेऱ्यात लिहून घेतलं होतं, आणि ते लिहून घ्यायला पेन म्हणून हिला वापरलं होतं. परक्यानं केलं असतं तर तिनं शिव्या दिल्या असत्या. याला शिवी द्यायची तर ती आपल्याच भावाला लागते.

अनुजेनं दुसरा कागद उचलला आणि तिचा चेहरा उतरला. 'सदर वाटेने पर्यटकांचीही नियमित ये-जा आहे' असं लिहून खाली साक्षीदार म्हणून पाच नावं. तिचं तिसरं. "आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं हो मावशी," ती म्हणाली. नर्मदेनं मान हलवली. तिला ते दिसतच होतं.

तिनं कागदाची घडी केली आणि बेड्याकडे गेली. आत गेली नाही. बाहेरूनच यमुनेच्या मुलाला, सुदेशला, हाक मारली. सुदेश कुडाळला एका वकिलाकडे टायपिंग करतो, रविवार म्हणून घरी होता. त्यानं गडग्यावरून कागद घेतला, वाचला, आणि आईला खळ्यात बोलावून घेतलं. नर्मदेनं सकाळपासूनचं सगळं सांगितलं. यमुना सगळं ऐकून घेत उभी राहिली. नर्मदेकडे तिनं बघितलं ते परक्या बाईकडे बघावं तसं.

"आई, ऐक," सुदेश म्हणाला. "नर्मदाकाकी इचारल्याशिवाय जायत असती तर तेका हक्क म्हणतत. पण ती रोज इचारता. इचारून जाणा म्हणजे परवानगी, आणि परवानगी दिली तशी काढून घेवक येता. आमचे साहेब हेच सांगतत. फक्त तिघांनी आज कॅमेऱ्यासमोर उलटा सांगून ठेवलानी हा, 'इचारूची गरज नाय' म्हणान. ता वाईट झाला."

नर्मदा अनुजेकडे वळली. "बाय, तुझ्या फोनात फिल्म निघता?"

"निघते."

"काढ मगे."

अजय पुढे सरला, "मावशी, कशाला हे," म्हणत. अनुजेनं त्याला काठी आडवी केली. फोड आलेल्या टाचेवर उभी होती, पण हात हलला नाही. नर्मदेनं पाटी खाली ठेवली. बेड्यापासून हातभर मागे उभी राहिली.

"यमुने," तिनं हाक मारली. "येव काय गो?"

यमुनेनं पदर तोंडावर धरला, मग काढला.

"नाय," ती म्हणाली. "येव नको. आजपासून ह्या खळ्यातून जावचा नाय."

तो आवाज अनुजेच्या फोनसाठी होता की नर्मदेसाठी, हे नर्मदेला कळलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही. "बरा," ती म्हणाली, पाटी उचलली आणि पाठ फिरवली.

"आत्ये!" दीपेश ओरडला. "तू माका फसवलंस! मी शब्द दिलेलंय तेंका. आता खयच्या तोंडान तेंच्याकडे जाव?"

तेव्हा मात्र ती भडकली. "तोंड? माझा तोंड बघून ह्या लोकांनी दारां उघडली, आणि ता तू तेंका नेवन इकलंस! सहा वर्साचो होतंस तेव्हापासून पोसलंय तुका. भूक लागली म्हणान कधी माज्याकडे मागूक लाजलंस? मगे ह्या कित्याक लपवलंस? कारण तुका म्हायत होता मी नाय म्हणतलंय. म्हणान इचारलंस नाय." तिचा श्वास लागला. "जा आता गाडयेन. तू चलूक नको माज्यावांगडा."

दीपेश गेला. अजय त्याच्या आधी गेला, मोबाइल खिशात घालून. पुणेकर गडग्याच्या कडेनं काट्याकुट्यांतून वळसा घेत रस्त्यावर उतरले, खळ्यात कोणी पाय टाकला नाही. अनुजा मात्र बूट काढून, पिशवीला बांधून, मोज्यांवरच नर्मदेच्या मागे निघाली. "तुका बोकडी लागतली," नर्मदा म्हणाली. "लागू दे," अनुजा म्हणाली. बोकडी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. जांभ्याच्या खड्यांनी तळवे ठेचून कसे सुजतात, ते तिला पुढच्या दोन मैलांत कळलं.

आल्या वाटेनं परत. महादूला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण तो दीपेशच्या नावानं ओरडण्यात ऐकतच नव्हता. शेवटी त्यानं फोनकडे तोंड करून अशी काही शिवी हासडली की अनुजेला ती फिल्म पुन्हा काढावी लागली. "नाय! येव नको!" तो दुसऱ्यांदा म्हणाला आणि पडवीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पूजानं रडत रडत म्हटलं. तिची सासू आतून येऊन तिला जवळ घेऊन गेली. प्रत्येक घराशी नर्मदा थांबली, हाक मारली, नकार घेतला, आणि खळं सोडून गडग्याबाहेरच्या काट्यांतून वळसा घेतला. जांभळं लुगडं पार फाटलं.

सावित्रीच्या बेड्याशी पोचल्या तेव्हा ऊन खाली गेलेलं होतं. सड्याच्या कडेवरून खाली नर्मदेचं कौलारू घर दिसत होतं, सावित्रीचं परडं उतरलं की झालंच.

"येव काय गो?"

"ये गो, ये!" आतून सावित्री. "च्या ठेवलंय. पावणीण पण हा काय?"

"सावित्रे, भायर ये."

सावित्री ओले हात पुसत बाहेर आली. नर्मदेनं सगळं सांगितलं. सकाळी तू जे बोललीस त्यामुळे तुझ्या खळ्यातून रस्ता जाणार, तो अडवायचा तर तू मला नाही म्हण, हिच्या फोनात, स्वच्छ. सावित्री ऐकत होती आणि मान हलवत होती, आधी हळू, मग जोरात.

"मी म्हणूचंय नाय."

"सावित्रे, खळा जातलो तुझो."

"जांव दे खळा! तुका नाय कशी म्हणू? माझी सून अडली तेव्हा तू भायर बसून रवलंस. तुका नाय म्हणूक माझी जीभ वळाची नाय."

"वळतली. म्हण."

"नाय!"

"ह्याच म्हण. माका बघून म्हण."

सावित्रीनं तिला बघितलं. अनुजेनं फोन धरला होता. चूल आत धुमसत होती, चहा उतू गेल्याचा वास आला, कोणी आत गेलं नाही. शेवटी सावित्रीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "येव नको, नर्मदे." मग बेड्याचा बांबू धरून तिथंच खाली बसली.

त्या एका संध्याकाळी चार घरांनी नर्मदेला नाही म्हटलं, आणि चारही वेळा तिनंच त्यांना म्हणायला लावलं. तिनं सावित्रीच्या हाताखालून बांबू हळूच सरकवून बेडं नीट लावून घेतलं. खाली दिसणारं घर पाच मिनिटांवर होतं, पण सावित्रीच्या परड्याच्या दोन्ही बाजूंना उभा कडा, वळसा घ्यायला जागा नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती डांबरी रस्त्याकडे वळली आणि त्या घराला पोचायला तिला दीड तास लागला.